पांढऱ्या पानाची भूक

मोगामी नदीकाठच्या आमच्या गावात गिबोशीचं रोप नाही असं अंगण नाही. वसंतात कोंब निघाले की निम्मे आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो लावून खायचे, निम्मे पानांच्या शोभेसाठी राखायचे. शेजारच्या तोझाएमोनच्या कुंडीतला गिबोशी मात्र नुसता बघायचा. हिरव्या पानांवर बलकासारखे पिवळे नि तांदळाच्या पिठासारखे पांढरे पट्टे.

देवळात दर वर्षी पानांचा फड भरतो. जितकं पांढरं, तितका वरचा मान. अख्ख्या पांढऱ्या रोपाला आम्ही भूत म्हणतो. ते स्वतः काही कमवत नाही, त्याच गड्ड्यातल्या हिरव्या कोंबांच्या जिवावर जगतं. तोझाएमोनला भूतच हवं होतं. हिरवा कोंब दिसला की याची सुरी चालली.

घर चालायचं त्याच्या बायकोच्या, ओसेनच्या मागावर. ती म्हणायची, "अहो, हिरवं पान म्हणजे मी, नि पांढरं म्हणजे तुम्ही. बसून खाणारं!"

कुंपणापलीकडून मी खो खो हसायचो.

"हसा भावोजी," ती म्हणायची, "तुमचंही पान काही फार हिरवं नाही!"

पुढे हसणं थांबलं. एक कोंब कापला, तिची नखं पांढरी पडली. दुसरा कापला, ओठ. तिसऱ्याला केस. खोटं वाटतंय ना? मी खरं बोललो की लोकांचं असंच होतं.

फडाच्या आदल्या दिवशी कुंडीत एकच हिरवा कोंब उरला होता.

"तोझाएमोन, वहिनींकडे बघ एकदा," मी म्हणालो. "राहू दे तेवढा."

आतून माग खटखटत होता. ओसेनचा आवाज आला, अगदी बारीक, "अहो, कमावतं माणूस कुणी घरातून काढतं का?"

"अगं, उद्या पहिला मान आपला!" असं म्हणून त्यानं सुरी टेकवली.

माग थांबला. धोटा अर्ध्या कापडात तसाच.

पहिला मान मिळाला. पंधरवड्यात भूतही कुंडीत आडवं झालं.

तोझाएमोन आता ओसरीवर बसून असतो. पिठासारखा पांढरा. जेवण रांधत नाही, मागत नाही, तरी जिवंत आहे. शेजारधर्म म्हणून रोज कुंपणावरून भाताचा वाडगा मीच देतो. तो हात पुढे करतो, नि दर खेपेला कुंपणाच्या आणखी थोडा जवळ सरकलेला असतो.

काल वाडगा देताना माझी नखं दिसली. तेव्हापासून मी हात बाहीतच ठेवतो.