करंटबाबाच्या दोन माळा

वाटूर फाट्यावर दर गुरुवारी गाड्यांची रांग लागे, आणि तिच्यातली एकही गाडी धडपणे आलेली नसे. कुणी ट्रॅक्टरला दोर बांधून आणलेली, कुणी धक्के खात. मांडवात चौरंगाला टेकून करंटबाबा बसत आणि मेलेल्या बॅटऱ्या उठवत. बॅटरीच्या दोन टोकांना झेंडूनं मढवलेल्या दोन माळा चढवायच्या, काहीतरी पुटपुटायचं, की जीप खाकरून उठलीच. मग जयजयकार. पथ्य एकच: घर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

"बॅटरी म्हंजे आत्मा," बाबा सांगत. "अन् आत्म्याला काय एक्स्पायरी असती का?"

भुजंगरावांना हे पटलं होतं. त्यांच्या जीपची बॅटरी पाच वर्षांची. सकाळच्या गारठ्यात सेल्फ घेईना, म्हणून जीप रोज उतारावर उभी करावी लागे. आष्टीचा नागसेन मिस्त्री दिवाळीपासून सांगत होता, बदला. बाबा म्हणत, बदलू नका. आपल्या मनातलं बोलतो तोच ज्ञानी, हा भुजंगरावांचा जुना नियम.

हा त्यांचा तिसरा गुरुवार. यावेळी सून अर्पिता हट्टानं सोबत आली होती. तिला नववा लागलेला. बाळ आडवं आहे, कळा सुरू होताच जालन्याला निघा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वस्तीवर दुसरी गाडी नव्हती. लग्नाआधी अर्पिता शाळेत विज्ञान शिकवायची. त्यामुळे तिचं लक्ष बाबांच्या डोळ्यांकडे नव्हतं, हातांकडे होतं. भक्तांना 'सगळी लेकरं सारखी' म्हणणारे बाबा तांबड्या धाग्याची माळ नेहमी एकाच टोकाला लावत, काळ्या धाग्याची दुसऱ्या. प्लस-मायनसची चूक एकदाही होत नव्हती.

माळा चढल्या. भुजंगरावांनी चावी फिरवली. जीप उठली. गर्दी गरजली. अर्पितानं खिडकीतून हात घातला आणि चावी बंद केली.

"पोरी, काय करून राह्यलीस?" भुजंगराव पुटपुटले.

"मामा, आता माळा काढून सेल्फ मारा."

बाबांचा शिष्य हरिओम पुढं आला. "ओ ताई, पोटुशी बाईनं देवाच्या कामात हात घालू न्हाई. कोप होईल."

"व्हायचा तो होऊ द्या, दादा. मला कळा येतील तेव्हा बाबा येणारेत का माळा घेऊन?" तिनं स्वतःच माळा उतरवल्या. "मारा, मामा."

टिक. टिक. जीप गप्प.

"श्रद्धा लीक झाली," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटांत?" अर्पितानं माळा परत लावल्या. जीप उठली. मग अर्पिता वाकली, माळ हातात धरली आणि तिचा माग काढत चौरंगापर्यंत गेली. हरिओम आडवा आला, पण नऊ महिन्यांच्या बाईला ढकलायची हिंमत त्याला झाली नाही. तिनं चौरंगावरची शाल उचलली.

खाली ट्रकची बॅटरी. नवीकोरी. माळेतल्या झेंडूखाली बोटाएवढी जाड तांब्याची तार.

"हा तुमचा आत्मा," ती म्हणाली. "ही चांगली बॅटरी तुमच्या बसलेल्या बॅटरीला उचलते. घरापर्यंत इंजिन चालू ठेवलं की तेवढ्यापुरती चार्ज होते. सकाळी परत मेलेली. मग पुढचा गुरुवार."

बाबांना एकाएकी समाधी लागली.

अर्पितानं इंजिन पुन्हा बंद करून माळा उतरवल्या. हरिओमनं हळूच विचारलं, "काका, लावू का माळ? जाण्यापुरती?"

भुजंगरावांनी सुनेकडं पाहिलं. "नको. धक्का मारा."

मघाशी जयजयकार करणाऱ्यांनीच ढकललं. जीप थेट आष्टीला, नागसेनच्या दुकानात. त्यानं मीटर लावला, सेल्फ मारायला लावला. काटा धाडकन खाली. "न्हाई राह्यली काका हिच्यात जान," तो म्हणाला, आणि नवी बसवली.

सहाव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. बाहेर दात वाजवणारी थंडी. जीपनं पहिल्याच सेल्फला आवाज दिला. जालन्यात नात झाली, दोघीही सुखरूप.

वस्तीवर पेढे खायला आलेला हरिओम म्हणाला, "बाबांचा आशीर्वाद."

"आशीर्वादाला वॉरंटी कार्ड भेटलं का तुला?" भुजंगराव म्हणाले. "मला मिस्त्रीनं दिलंय."

बॅटरी मरण्याआधी बोलते: सेल्फ सुस्त होतो, दिवे मंद होतात, वय झालेलं असतं. तेव्हा मीटर लावून पाहावं, आणि मीटर म्हणेल तर बदलावी. नवस बोलायला सवड असते. पहाटेच्या कळांना नसते.