पाट्यापाट्यांवर माझीच बाग

पुतण्या दीपेश मुंबईहून आला आणि मला व माझ्या बायकोला, हौसाला, गाडीत घालून प्राणिसंग्रहालय दाखवायला घेऊन गेला. आमच्या मसुऱ्या गावाहून पहाटे निघालो, तीन तासांत हाडं खिळखिळी झाली, वर तिकीट.

पहिल्याच पिंजऱ्यात माकडं. एक बाई कडेवरच्या बाळाला जाळीजवळ नेऊन कौतुकाने दाखवत होती. कसलं कौतुक! माझे कोवळे नारळ फोडून फेकणारी हीच जमात. पुढे मोर, माझ्या कुळथाचा सत्यानाश करणारा. मग साळिंदर, रानडुक्कर, गवा. प्रत्येक पिंजऱ्यावर त्या प्राण्याचा आहार लिहिलेली पाटी होती: कंद, कोवळे कोंब, फळं, धान्य. म्हणजे पाट्यापाट्यांवर माझीच बाग!

"रे दीपेश, ह्या सगळा माका घराकडे बसान दिसता," मी ओरडलो. "माका सिंह दाखय!"

सिंह आमच्याकडे पाठ करून झोपला होता.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. माकडं भाताचा टोप पळवतात म्हणून गेल्या वर्षी पडवीला लोखंडी जाळी मारून घेतली आहे. आतून कडी लावून आम्ही चहा घ्यायला बसलो, तोच माडावरून टोळी अंगणात उतरली. एक माकडीण पोटाशी पिल्लू धरून थेट जाळीजवळ आली आणि आम्हाला निरखत बसली.

मी काठी शोधू लागलो. हौसा म्हणाली, "अवो, ऱ्हवांदे. आपली पण पाटी लावया. आहार: माकडांनी खावन जा काय उरात ता."