बसून घेतलेलं माप

बाबांचं शिवणाचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण टेप काही त्यांच्या गळ्यातून उतरला नाही. त्यामुळे घरामागच्या चिंचोळ्या अंगणात भाजीची बाग करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ती कपड्यासारखी बेतली. खाकी कागदाचे वाफे कापून जमिनीवर अंथरले, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आणि ऊन कुठून कुठे सरकतं ते बघत दिवसभर बसले. टोमॅटो उन्हाच्या भिंतीशी, घेवडा तारेवर, पालक सावलीकडे. पुदिना कुंडीतच, कारण तो फार हातपाय पसरतो. आणि शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी कुंपणावरून आत येते, तिथे आईची निवांत बसायची जागा.

हे सगळं आईसाठीच चाललं होतं. जिन्यावरून पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशननंतर ती अजून दवाखान्यातच होती. "घरी नेऊन पाहुणीसारखं बसवून ठेवणार असाल, तर मला इथेच राहू द्या," ती मला म्हणाली. आजवर पाण्याचा पेलाही कुणाकडे न मागितलेली बाई ही. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

तो निघाला बाबांवर. आईला वाकायला लागू नये म्हणून त्यांनी फळ्यांचे उंच वाफे केले होते, पण उंची धरली होती उभ्या आईच्या कोपराची.

"बाबा, ती चाकाच्या खुर्चीत येणार आहे."

"तिचं माप मला तोंडपाठ आहे."

"जुनं माप!"

"तू तुझं काम बघ."

आणि हाच माणूस जुन्यातल्या जुन्या गिऱ्हाइकाचंही नव्याने माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसे! ती पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मी तसं म्हटलं की बाबा खिळे शोधायला लागायचे. शेवटी मी नाद सोडला.

आई आली. बाबांनी स्वतः खुर्ची ढकलत तिला मागच्या दाराने बाहेर नेलं. रोपवाटिकेतून फळ धरलेली रोपं आणून लावली होती. एक टोमॅटो चांगला लाल झाला होता. वाफ्याची कड आईच्या हनुवटीला आली. तिने हात उंचावला. बोटं मातीवर चाचपडली, टोमॅटोपर्यंत पोचली नाहीत. तिने हात परत मांडीवर ठेवला.

"छान झालंय हो," ती म्हणाली. दुसऱ्याच्या घरी म्हणतात तसं.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. 'तरी मी सांगत होते' हे वाक्य मी कधीचं तयार ठेवलं होतं, पण आता ते नकोसं झालं. फार वाईट वाटलं मला त्यांच्यासाठी.

"मला वाटलं, बसलेलीचं माप घेतलं की..." ते अडखळले.

"की मी बसलेलीच राहीन?" आई म्हणाली. "अहो, जन्मभर शिवण केलंत आणि मापाला घाबरलात? घ्या बघू."

बाबांनी गळ्यातला टेप काढला. "बाई, हात जरा वर," त्यांचा तो जुना दुकानातला आवाज किती दिवसांनी कानावर पडला.

"वाढत्या अंगाचं नका घेऊ हं, मास्तर," आई म्हणाली, आणि दोघंही हसता हसता डोळे पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रोपं मुळांसकट काढून कुंड्यांत ठेवली, माती उपसली आणि वरच्या फळ्या सोडवल्या. मी करवत आणून दिली, तर त्यांनी ती बाजूला सारली. फळ्या पुसून वाफ्यामागे नीट रचल्या, खिळे डबीत घातले.

"या अडगळीचं काय करणार?" मी विचारलं.

"लहान मुलांच्या कपड्याला खाली जास्तीची पट्टी दुमडून ठेवतात ना, तसं. ती उभी राहिली की सोडायची."

मी खिळ्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावलं. एव्हाना रोपं परत लागली होती आणि आई मनगटापर्यंत मातीत हात घालून बसली होती.

"गप्पा काय मारताय दोघं? रोपांना पाणी कोण घालणार?" ती खेकसली.

ओरडा खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मी पळतच झारी आणायला गेले.