महिपतरावांच्या नावाने जाणारी पत्रे

मी एक जुनी वेबसाइट आहे. मित्रांनो, तुमच्या फोनवर मी आता नीट उघडतही नाही. माझे अर्धे पान उजवीकडे निसटते. पण एके काळी ‘भाता’ या छापील त्रैमासिकाचे सगळे वर्गणीदार माझ्याकडेच नाव नोंदवत. भाता म्हणजे पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, हवा भरणारा भाग. पेटी वाजवणाऱ्यांसाठी आणि ती दुरुस्त करणाऱ्यांसाठी हा अंक निघतो.

मला महिपतरावांनी घडवले. ते मूळचे रत्नागिरीकडचे, पेटीचे कारागीर. सिल्व्हर पार्क नावाच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत त्यांचे घर, तिथेच अंकाची कचेरी. पन्नाशी उलटल्यावर ते संगणक शिकले. वर्गणी संपली की वाचकाला दर महिन्याला माझ्याकडून आपोआप ईमेलने पत्र जाई. त्यात शेवटी लिहिलेले असे, ‘पेटी अडली तर उलट कळवा. मी येईन. – महिपत.’ आणि ते खरेच जात, अगदी लांबच्या वरसावे गावापर्यंत. लोक त्यांच्याबरोबर माझेही कौतुक करत.

साथीच्या दुसऱ्या वर्षी महिपतराव गेले. मला कुणी सांगितले नाही. त्यांच्या पत्नी शुभदाताई अंक काढत राहिल्या, पण ती बातमी त्यांनी छापली नाही. संपादक म्हणून महिपतरावांचेच नाव ठेवले. मीही पत्रे पाठवत राहिले. ‘मी येईन. – महिपत.’ वाचकांची उत्तरे येत आणि न उघडता साचत.

यंदा मला नवे रूप द्यायचे ठरले. त्या कामासाठी मनाली आली. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, “ताई, हे महिपत कोण? परवासुद्धा त्यांच्या नावाने सत्तावीस मेल गेलेत.”

शुभदाताई म्हणाल्या, “माझे मिस्टर. ते नाहीत आता.”

“मग उत्तरं कोण वाचतंय?”

“कुणीच नाही ग.”

“उघडू?”

“नको.” मग खुर्ची ओढून त्या जवळ बसल्या. “बरं, उघड.”

तीनशे अकरा पत्रे होती. त्यांत तीन खारी गावच्या चंपाबाईंची, म्हणजे वर्गणीदार ईश्वरच्या बायकोची, महिपतराव गेल्याच्या पुढच्या वर्षातली. पहिले असे: ‘महिपतदादा, आमचा मालक ईश्वर आजारी हाय. पेटीचा भाता फाटलाय. एकदा वाजवायची म्हनतो. कवा येता?’ महिन्याने दुसरे: ‘तुमचा कागद आला, येतो म्हनलात. तो रोज वाट बगतो.’ तिसऱ्यात एकच ओळ होती: ‘आता घाई न्हाय.’

मित्रांनो, तो कागद मी पाठवला होता.

शुभदाताई खारीला गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी परत येऊन माझ्याच पानावर लिहिले. नाव सांगताच चंपाबाईंनी त्यांना ओळखले आणि आधी घरात घेतलेच नाही. “तुमच्या मानसाला मी लई शिव्या दिल्या, बाय. आमचा मालक शेवटपर्यंत म्हनायचा, महिपत शब्द मोडनार न्हाय.”

“ते तुमच्या पहिल्या पत्राआधीच गेले होते हो,” शुभदाताई म्हणाल्या.

चंपाबाई उंबऱ्यावर बसल्या. “मग सांगायचा न्हाय?”

“मला ते म्हणवत नव्हतं.”

दोघी तिथेच उंबऱ्यावर रडल्या. फाटक्या भात्याची पेटी चंपाबाईंनी दाखवली, पण दुरुस्त करू दिली नाही.

काल माझ्याकडून शेवटचे पत्र सगळ्या वाचकांना गेले. खाली सही होती शुभदाताईंची. महिपतराव गेले, हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले आणि स्वतःचा फोन नंबर दिला. आज सकाळपासून फोन वाजतो आहे आणि शुभदाताई तो प्रत्येक वेळी उचलत आहेत.

सोमवारी मला बंद करतील. नव्या वेबसाइटबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की गेलेल्या माणसाचे नाव जरूर जपा, पण त्याच्या नावाने कुणाला वचन देत राहू नका. ते पाळायला तो येत नाही.