रिकाम्या जात्याची हाक

मित्रांनो, ज्या दगडावर पाय देऊन तुम्ही सीताफळं तोडता, तो नुसता दगड नव्हे. मी जातं आहे. माझी वरची तळी फुटली, खुंटा कुणाच्या तरी चुलीत गेला. उरली आहे ती ही खालची तळी.

पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं आणि पुसेगावच्या बाजारातून शालूबाईनं या गावात आणलं. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. पीठ असं मऊ पडायचं, की शेजारची चतुराबाई आपली ज्वारी घेऊन माझ्याकडेच यायची. शालूबाईची लेक रुक्मा समोर बसून खुंट्याला हात लावायची. मायलेकींच्या हातांत मी भिंगरीसारखं फिरत असे.

मग एक दिवस शालूबाईनं दार लावून घेतलं. माहेरी आलेली लेक परत सासरी गेली, असं तिनं गावात सांगितलं. पण रुक्मा कुठंच गेली नव्हती. तिच्या अंगावर चट्टे उठले होते, बोटं बधिर झाली होती. महारोग म्हटला की गाव त्या माणसाला शिवेबाहेर काढायचं. म्हणून रुक्मा आतल्या खोलीत लपून राहू लागली. फक्त पहाटे माझ्यासमोर येऊन बसायची.

पण जात्याचा आवाज कसा लपणार? एकटीच्या हातात ते अडखळतं, दोघींच्या हातात सलग घुमतं. कोणत्याही बाईला हे कळतं. चतुराबाईनं भिंतीला कान लावला.

"एकटी बाई, अन् जातं असं बराबर फिरून राहिलं? समोर कोन बसलंय?"

"तिची मेलेली सासू असंल," सुमनबाई म्हणाली. "जिती असताना कधी हात लावला न्हाई, आता लावून राहिली."

दोघी हसल्या. पण भुताची ही गोष्ट गावभर झाली, तसं ते हसू विरलं. लोक लांबून घराकडं टक लावून बघत. विस्तव मागायलाही कुणी येईना. शालूबाई विहिरीवर आली की बाया घागरी उचलून निघून जात.

त्या उन्हाळ्यात शालूबाई तापानं आडवी झाली. एका सकाळी घरातलं पाणी संपलं.

"आई, चतुराकाकूला हाक मारू का?"

"नगं लेकरा. आवाज ओळखतील. तुला शिवंबाहेर टाकतील."

रुक्मा माझ्यासमोर येऊन बसली. मग तिनं माझा खुंटा धरला आणि दाणे न घालताच मला फिरवू लागली. मित्रांनो, रिकामं जातं कुणी फिरवत नाही. ते अशुभ मानतात. रागावून का होईना, कुणी तरी येईल, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं. माझ्या दगडांनी जिवाच्या आकांतानं आवाज केला.

भिंतीपलीकडून चतुराबाई म्हणाली, "ऐकलं का सुमने? आज भूत उपाशी हाय. दार लाव तुझं."

दिवस मावळेपर्यंत रुक्मा थांबली नाही. बोटांतून रक्त आलं, ते तिला कळलंही नाही. शेवटी वरची तळी तडकली आणि आवाज बंद पडला.

मी गप्प झाल्यावर मात्र गावाला राहवेना. सगळे जमले, दार फोडलं. शालूबाई गेली होती. उशाशी रुक्मा बसली होती.

"रुक्मे, तू व्हय?" चतुराबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "पोरी, हाक काहून न्हाई मारली?"

"मारली की, काकू. सकाळपासून."

दुसऱ्या दिवशी तिला शिवेबाहेर नेलं. मला इथं फेकलं.

शालूबाईच्या घराच्या मातीच्या भिंतीवर एक जागा अजून गुळगुळीत आहे, कान लावून लावून झालेली. दाराची कडी मात्र गंजून गेली आहे. मित्रांनो, कुणाच्या घरातून वेगळा आवाज आला, तर भिंतीशी थांबू नका. कडी वाजवा. आत कुणाला तरी पाणी हवं असेल.