म्हसोबाचा कार्बोरेटर

"ऊठ माझ्या वाघा! म्हसोबाची आन हाय तुला, ऊठ!"

घाटमाथ्यावर बंद पडलेल्या मोटारीभोवती ही गर्दी. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या काखेत कोंबडा. वैशाखाचं ऊन टाळू भाजत होतं, पण कुणी सावलीला सरकेल तर शपथ! मोटारीला अशी साद घालणारा म्हसोबाचा भगत, रंगनाथबाबा. त्यानं तिच्या नाकाडावरचं हिरवं लुगडं अलगद काढलं. झाकण उघडून आत डोकं घातलं. रांजणातलं गार पाणी तांब्यानं आत शिंपडत तो मंत्र पुटपुटू लागला, आणि तेही इतकं सावकाश, की तेवढ्यात एखादीच्या दुरडीभर भाकरी भाजून व्हाव्यात. शेवटी ड्रायव्हर मच्छिंद्रनं पुढं जाऊन हँडल मारलं आणि मोटार घुर्रकन जागी झाली.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" माणसांनी टोप्या उडवल्या.

मागच्या बाकावर बसलेल्या एलिझाबेथबाईंना वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! बाबा दारातून आत वाकला आणि त्यानं सरळ त्यांच्याकडं बोट केलं.

"देव का रुसला, आत्ता कळलं. ह्या मोटारीत इटाळ बसलाय! हिचे हात बाळंतिनीच्या रगतात बुडाल्यात. खाली उतर!"

एलिझाबेथबाई तिसगावच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स. मोटारीतल्या निम्म्या माणसांची पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. पण सगळे आपापल्या पायांकडं बघत बसले, जणू पायाला काटाच मोडलाय. त्या उतरल्या. मोटार धुरळा उडवत नगरच्या रस्त्याला लागली आणि बाई हातात पिशवी घेऊन उन्हात चालू लागल्या.

चालताना त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पण रागातसुद्धा बाईंचं डोकं चालत होतं. हा कसला देव? सकाळच्या गारव्यात मोटार जाते तेव्हा अडवत नाही. नगरहून उतारानं येते तेव्हा अडवत नाही. दुपारी चढ चढून आली, की मात्र धरतो. आणि हा बाबा येण्याआधी मच्छिंद्र माथ्यावर थांबतच नव्हता. आल्या आल्या बाबानं तीन हुकूम सोडले होते: मोटार म्हणजे माउली, तिच्या नाकाडावर लुगडं पांघरायचं. माथ्यावर देवापुढं थांबून इंजिन बंद करायचं, देवाला आवाज खपत नाही. आणि झाकणाला बाबाशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुणी विचारलं असतं की बाबा, असं का? पण विचारायचं म्हटलं की आपल्या लोकांची दातखीळ बसते. नारळ फोडायला मात्र हात मोकळे.

तेव्हा त्यांना दवाखान्यातली ईथरची बाटली आठवली. उन्हाळ्यात त्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ठेवावं लागतं, नाहीतर आतलं औषध चूल नसताना उकळतं आणि वाफ होऊन उडून जातं. पेट्रोल त्याच जातीचं. चढ चढून लालबुंद झालेलं इंजिन, वर जाड लुगडं, वारा बंद. आत पेट्रोलची वाफ होणार नाही तर काय होईल?

हे त्यांनी परत आल्यावर मच्छिंद्रला सांगितलं. तो हसला. "बाई, तुमचं औषध येगळं, आमचा देव येगळा."

आणि मग एका भर दुपारी राहीबाईची वेळ आली.

राहीबाई पहिलटकरीण. मूल आडवं आलेलं. बाईंनी तपासलं. इथं काही होण्यासारखं नव्हतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोट चिरूनच सोडवायला हवी होती, आणि तीही लगेच. नाहीतर मायलेकरं दोन्ही जाणार.

"मच्छिंद्र, गाडी काढ."

"इलिसाबाई, पाया पडतो. बाळंतीन आन् तुमी, दोघी एका गाडीत? म्हसोबा दरीत घालंल मला."

"तुझी मुलगी कुणाच्या हातावर जन्मली रे?"

मच्छिंद्रनं गाडी काढली. घाईत त्याला काही सुचेना, तरी लुगडं तेवढं पांघरलंच. ते लुगडं राहीबाईच्या सासूचं, बनुबाईचं. सुनेची सुखरूप सुटका होऊ दे म्हणून तिनं ते देवाला वाहिलेलं. लढाईतून मोडीत निघालेली ती लॉरी, बाकडी ठोकून मोटार केलेली, घाट चढताना धापा टाकत होती. मागं बनुबाईला टेकून राहीबाई दातावर दात दाबून कण्हत होती. बाई पातेल्यातल्या पाण्यात फडकी भिजवून तिच्या कपाळावर, मानेवर ठेवत होत्या आणि अंगाखालचीही त्याच पाण्यात खळबळून काढत होत्या.

"माथ्यावर थांबू नकोस, काय वाटेल ते झालं तरी!" बाई ओरडल्या.

पण सवय ती सवय. देवाचा शेंदूर दिसला आणि मच्छिंद्रचा पाय ब्रेकवर गेला. इंजिन बंद. हात जोडले, भंडारा लावला, खाली उतरून हँडल मारलं. एकदा, दोनदा, घामाघूम होईपर्यंत मारलं. मोटार ढिम्म.

नारळवाले जमलेच होते. बाबा पुढं आला. आत डोकावून त्यानं जीभ चावली.

"शिव शिव शिव! लेकरू आडवं, म्हनून मोटार आडवी! हिला उतरवा. देवाच्या सावलीला ठिवा. देव सोडवील."

आणि काय सांगावं! बनुबाई खरंच सुनेच्या काखेत हात घालून तिला उतरवायला लागली. "चल माझे बाय, देव बगंल."

"हात लावाल तर याद राखा!" बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "खाली ठेवलीत तर ही इथंच मरेल. म्हसोबा नाही मारणार, तुम्ही मारणार!"

"तीर्थाशिवाय ही मोटार हलायची न्हाई," बाबा गुरगुरला. "शुद्ध पानी लागतं, शुद्ध! आन् इटाळ गाडीत हाय तवर मी रांजनाला हात लावनार न्हाई."

बाई क्षणभर त्याच्याकडं बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी ते पातेलं उचललं. राहीबाईच्या अंगाखालच्या फडक्यांचं लालसर पाणी. त्या खाली उतरल्या, लुगडं ओढून बाजूला फेकलं, झाकण उघडलं. कढत वाफारा तोंडावर आला.

"इटाळाचं पानी! देवाच्या दारात!" गर्दी मागं हटली.

बाईंना उकळतंय काय ते ठाऊक होतं. कुठं उकळतंय, ते मात्र ठाऊक नव्हतं. पण ज्याला ठाऊक होतं तो समोरच उभा होता. त्यांनी पातेलं थेट तापलेल्या इंजिनाच्या धडावर धरलं आणि कलतं केलं.

"अगं ए बये!" बाबा किंचाळला. "तिथं नगं! लोखंड तडकंल, इंजिन जाईल! कारबोरेटरवर टाक, कारबोरेटरवर! ती तांब्याची नळी हाय न्हवं, तिच्यावर!"

गर्दीतल्या सगळ्या माना बाबाकडं वळल्या. 

बनुबाईच्या तोंडून हळूच निघालं, "म्हसोबाला कारबोरेटर असतो व्हय रं?"

मच्छिंद्र बाबाच्या तोंडाकडं टक लावून बघू लागला. "थांब, थांब! लढाईत नगरच्या लष्करी कारखान्यात गाड्या पुसायला खलाशी हुता, त्यो रंग्या तू! दाढीनं वळखलं न्हाई मी!"

बाबा दाढी सावरत गर्दीतून मागं सरकू लागला.

बाईंनी फडकी पिळून तांब्याच्या नळीवर आणि ती जिथं जाते त्या, पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर गुंडाळली. पुन्हा भिजवली, पुन्हा गुंडाळली. हात चालू, तोंडही चालू. "ऐका सगळे. इंजिन तापलेलं असतं. गाडी पळते तोवर वारा लागतो, म्हणून निभावतं. तुम्ही माथ्यावर थांबता, इंजिन बंद करता, वर लुगडं दाबता. सगळा उकाडा आतच कोंडतो आणि पेट्रोलची नळीतच वाफ होते. इंजिनाला श्वास मिळतो तो असा भट्टीतला, आणि पेट्रोल मिळतच नाही. हा लबाड पाणी मारून ते गार करतो आणि गार होईपर्यंत तुम्हाला मंत्र ऐकवतो. देव मोटार अडवत नाही, बनुबाई. तुम्ही देवासाठी थांबता, म्हणून ती अडते. तुमच्याच लुगड्यानं तिचं नाक दाबलंय."

मागून राहीबाईची किंकाळी आली. एकदाच. मग नुसतं कण्हणं.

"हँडल मार, मच्छिंद्र."

पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा धडधडून सुरू झाली. विटाळाच्या पाण्यानं! कुणी चांगभलं म्हटलं नाही. एका म्हाताऱ्यानं हातातला नारळ निमूट पिशवीत टाकला. मोटार सुटली तेव्हा आत बसलेल्या बनुबाईनं धुरळ्यातलं आपलं लुगडं उचलून छातीशी धरलं होतं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी राहीबाईला सोडवलं. मुलगी झाली. जन्मताना निळी पडलेली, पाठीवर थापट्या मारून रडवावी लागली. डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते." बनुबाईनं ते ऐकलं आणि नातीला कुशीत ओढून घेतलं.

मच्छिंद्रनं त्याच आठवड्यात रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाच्या श्वासाला नळ केला. इंजिन जिथून हवा ओढतं ते धुराड्याशेजारचं तोंड पुढं जाळीपाशी नेलं, म्हणजे बाहेरची गार हवा आत जावी. तापलेलं धुराडं आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावला. थांबलंच तर झाकण उघडून ठेवायचं, हे तर आता पोरंसोरंही सांगू लागली. वैशाख तोच, घाट तोच, म्हसोबाही तोच. मोटार मात्र पुन्हा अडली नाही.

म्हणून सांगतो बाबांनो, हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण डोकं गहाण टाकून जोडू नका. कुणी म्हणालं देव कोपला, तर आधी विचारा: कधी कोपतो? कुठं कोपतो? आणि कोपल्यावर कोंबडा कोण खातो? एवढं विचारलं असतं, तर बाईंना उन्हात चालावं लागलं नसतं आणि राहीबाईची लेक निळी पडली नसती.

राहीबाई घरी निघाली त्या दुपारी मोटार माथ्यावर आली. माथ्यावर दोघं-तिघं नारळ घेऊन उभेच होते! अशी खोड लगेच जाते होय? मच्छिंद्रचा पाय सवयीनं ब्रेककडं गेला.

"मच्छिंदर! थांबलास तर बग!" मागून बनुबाई कडाडली. तिनं बसल्या जागेवरून शेंदराच्या दगडाला हात जोडले. "देवा, तू बस सावलीला. आमच्या पोरीला ऊन लागतंय, आमी चाललो."

तिच्या मांडीवर नात झोपली होती. त्याच हिरव्या लुगड्याच्या दुपट्यात.