हत्तीने पाय दिला त्याची गोष्ट

माझ्या उजव्या पायावर सर्कशीतल्या हत्तीने पाय दिला होता, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्याने सोंड जोडून माफी मागितली, हेही. लेक सहा वर्षांची असताना तिला मी हे सांगितलं, तिने पुढे तिच्या पोरांना सांगितलं, आणि दर खेपेला हत्ती थोडा वाढत गेला. पाय मात्र दुखायचा तसाच दुखत राहिला. सपाट फरशीवर कसंबसं जमायचं, पण खडीवर पाऊल पडलं की घोट्याखाली कोणीतरी गंजकी किल्ली फिरवल्यासारखी कळ.

शेवटी लेकीने हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“आजी, टाचेचं हाड कधीतरी मोडलेलं आहे,” बाई फोटो बघत म्हणाल्या. “त्याच्या वरचा सांधा पार झिजलाय. दोन बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत तो आतून खरवडायचा आणि दोन स्क्रूंनी जखडायचा. हलायचा थांबला की दुखायचाही थांबेल. पण मोडलं कसं?”

“हत्तीने.”

त्या हसल्या नाहीत. “असं हाड उंचावरून टाचेवर आपटल्यावर मोडतं. तेव्हा जखम झाली, चिघळली, असं काही? आत जुने व्रण घट्ट झाले असले तर दुर्बीण शिरत नाही, पाय मोठा उघडावा लागतो. तुमच्या वयाला, एवढ्या साखरेत, मला ते नकोय. खरं सांगा.”

“बाळ, जरा पाणी आण गं,” मी लेकीला म्हटलं.

“बाटली तुझ्याच पिशवीत आहे, आई.”

झालं. जन्मभर थापा मारल्या, आणि ऐन वेळी एक सुचेना.

लेक सहा वर्षांची होती, तेव्हा मी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या दिवशी शिवणयंत्रांच्या दुकानाची पाटी होती. खाली लेकीला बसवलं होतं, शिडी दोन्ही हातांनी धर म्हणून बजावून. अर्धी पाटी झाली आणि तिला गटाराच्या कडेला बेडूक दिसला. पोरच ते, उठली. मी खाली आले ती टाचेवरच. ती धावत आली आणि माझ्या रक्ताकडे बघून तिची वाचाच बसली. दुसऱ्या दिवशी बोलली, पण पडल्याचं काही आठवेना. मग मी घाईघाईने हत्ती आणला.

“शिडीवरून पडले,” मी बाईंना सांगितलं. “बाहेरच्या अंगाला खिळा घुसला होता. दोन महिने वाहत होतं.”

बाईंनी व्रण चाचपला. “वरवरचाच आहे. जमेल दुर्बिणीने.”

“शिडी कोणी धरली होती?” लेकीने विचारलं.

“कोणीच नाही.”

अक्षर न अक्षर खरं. आणि इतकी वाईट थाप मी आजवर मारली नव्हती. लेक स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

ऑपरेशन नीट झालं. सांध्यातून हत्तीचा केस निघाला, असं नातवंडांना सांगितलं तेव्हा ती खिदळली. लेक पूर्वी त्यांच्यासारखीच हसायची. आता चादर नीट करत राहिली.

घरी आल्यावर वॉकर घेऊन उभी राहिले, प्लॅस्टरचा पाय अधांतरी. लेकीने समोरून वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“अगं, सोड की. तू धरलास तर मी पुढे कशी जाऊ?”

तिची बोटं पांढरी पडली होती. वॉकर तिने सोडला नाही. मीही मग एका पायावर तशीच उभी राहिले.